हर्नडनचा मजूर नाका: एका केंद्राचं प्रकरण

व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर टोकाला, वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाला लागून हर्नडन नावाचं गाव आहे. वस्ती वीस-बावीस हजारांची. २००५ ते २००७ या दोन वर्षांत या गावात एक मजूर केंद्र उघडलं, त्यावरून निवडणूक पेटली, महापौर पडला, खटले झाले आणि शेवटी केंद्राला कुलूप लागलं. एवढ्याशा गावात देशभरातले वार्ताहर येऊन गेले. कारण अमेरिकेतला एक जुना वाद इथे एका दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये उभा होता: कागदपत्रं नसलेला रोजंदारी मजूर गरीब अमेरिकन माणसाचं काम आणि मजुरी खातो का?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तळाच्या मजुरीला धक्का बसतो ही तक्रार खोटी नाही. पण मजूर आला म्हणून जेवढा धक्का बसतो, त्याहून जास्त तो बसतो त्या मजुराला दाद मागता येत नाही म्हणून. आणि हर्नडनमध्ये मजुरीची निदान नोंद तरी होईल अशी जी एक जागा होती, तीच गावाने बंद केली.

नाका कसा तयार झाला

नव्वदच्या दशकात डलेस विमानतळाच्या रस्त्याला लागून संगणक आणि इंटरनेट कंपन्यांची रांग लागली. त्यांच्या मागोमाग घरं आली. शेतजमिनींवर वसाहती उठल्या, आणि घर बांधायचं म्हणजे भिंतींचे ड्रायवॉल (जिप्समचे तयार तक्ते), छपरं, रंग, फरशी, बागेचं काम या सगळ्याला माणसं लागली. ती माणसं वॉशिंग्टनच्या आसपास होतीच. एल साल्वाडोरमध्ये १९८० ते १९९२ असं बारा वर्षं यादवी युद्ध चाललं. त्यातून पळालेल्या हजारो कुटुंबांनी याच परिसरात आसरा घेतला होता. पुढे १९९८ च्या मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केलं, २००१ च्या सुरुवातीला एल साल्वाडोरमध्ये लागोपाठ दोन मोठे भूकंप झाले. या दोन्ही आपत्तींनंतर अमेरिकेने त्या देशांच्या, तेव्हा आधीच अमेरिकेत असलेल्या, नागरिकांना तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना दिला. ठरलेल्या तारखेनंतर जो आला त्याला मात्र काहीच मिळालं नाही.

म्हणजे एकाच गावचे दोन चुलतभाऊ एकाच नाक्यावर उभे असायचे, एकाच्या खिशात कामाचा परवाना आणि दुसऱ्याच्या खिशात काही नाही. पिकअप ट्रक घेऊन येणाऱ्या ठेकेदाराला दोघांतला फरक दिसत नव्हता, आणि त्याला तो बघायचाही नव्हता. पुढचा सगळा वाद समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

हर्नडनचा नाका म्हणजे एल्डन स्ट्रीट आणि अलाबामा ड्राइव्हच्या चौकातलं सेव्हन-इलेव्हन दुकान. ठाण्याचा किंवा पुण्याचा सकाळचा मजूर अड्डा ज्याने पाहिला असेल त्याला वेगळं वर्णन करून सांगायला नको: उजाडायच्या आत माणसं जमतात, बुटांवर कालचा रंग आणि चुना असतो, गाडी थांबली की खिडकीभोवती गर्दी होते, दोन बोटं वर होतात म्हणजे दोन माणसं हवीत, आणि भाव तिथल्या तिथे ठरतो. हर्नडनला कधी कधी शंभराहून जास्त माणसं जमत. आसपासच्या लोकांच्या तक्रारी होत्या: रहदारी अडते, कचरा पडतो, उघड्यावर लघवी केली जाते, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांवर शेरे मारले जातात. या तक्रारी बनावट नव्हत्या. जिथे शंभर माणसं चार-पाच तास थांबतात आणि एकही स्वच्छतागृह नसतं, तिथे हे होणारच.

केंद्र, निवडणूक, कुलूप

गावाने काढलेला तोडगा व्यवहारी होता. ऑगस्ट २००५ मध्ये नगर परिषदेने ५ विरुद्ध २ मतांनी अधिकृत मजूर केंद्राला परवानगी दिली. जागा गावाच्या कडेला, जुन्या पोलीस ठाण्याची. केंद्र चालवणार ‘प्रोजेक्ट होप अँड हार्मनी’ हा गट, त्याच्यामागे ‘रेस्टन इंटरफेथ’ ही चर्च आणि इतर धर्मसंस्थांनी मिळून उभी केलेली सेवा संस्था. हर्नडन ज्या जिल्ह्यात येतं त्या फेअरफॅक्स काउंटीने १,७५,००० डॉलर द्यायचं ठरवलं. जोडीला गावाने एक नियम केला: केंद्राबाहेर, रस्त्यावर उभं राहून काम मागायला किंवा द्यायला बंदी. केंद्र मजुरांची कागदपत्रं तपासणार नव्हतं, आणि ठिणगी तिथेच पडली.

केंद्र उघडायच्या आधीच ‘ज्युडिशियल वॉच’ या संस्थेने काही रहिवाशांच्या वतीने खटला भरला: बेकायदा राहणाऱ्यांना काम मिळवून द्यायला करदात्यांचा पैसा वापरता येणार नाही. त्या वर्षी व्हर्जिनियात गव्हर्नरची निवडणूक होती. रिपब्लिकन उमेदवार जेरी किलगोर यांनी हर्नडनचा मुद्दा प्रचारात घेतला. ते हरले आणि टिम केन निवडून आले, पण गाव मात्र राज्यभर गाजलं. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सुरू झालं, आणि बेकायदा स्थलांतराला विरोध करणाऱ्या ‘मिनिटमेन’ संघटनेच्या स्थानिक शाखेचे लोक कॅमेरे घेऊन मजूर न्यायला येणाऱ्यांचे आणि त्यांच्या गाड्यांचे फोटो काढू लागले.

मे २००६ च्या निवडणुकीत केंद्राला पाठिंबा देणारे महापौर मायकल ओ'रायली आणि परिषदेचे दोन सदस्य पडले. स्टीव्ह डीबेनेडिटिस महापौर झाले. नव्या परिषदेने २००७ मध्ये केंद्र सरकारशी करार केला, ज्याने गावच्या काही पोलिसांना स्थलांतर कायद्याच्या अंमलबजावणीचे अधिकार मिळाले. केंद्र चालवायला कागदपत्रं तपासणारा नवा चालक शोधणंही सुरू झालं.

पेच कोर्टात आला. रस्त्यावर काम मागायच्या बंदीविरुद्ध गेलेल्या प्रकरणात फेअरफॅक्सच्या सर्किट कोर्टाने ऑगस्ट २००७ मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली. काम मागणं हेही बोलणंच आहे आणि बोलण्याला घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचं संरक्षण आहे. (कॅलिफोर्नियातल्या रेडोंडो बीच शहराच्या अशाच नियमाचं २०११ मध्ये संघीय अपील न्यायालयात हेच झालं.) आता बंदी टिकत नव्हती आणि कागदपत्रं न तपासणारं केंद्र परिषदेला नको होतं. सप्टेंबर २००७ मध्ये केंद्र बंद केलं गेलं. मजूर पुन्हा रस्त्यावर उभे राहिले.

“आमची कामं जातात”

केंद्राला विरोध करणारे सगळे वंशद्वेष्टे होते असं म्हणून हा विषय उडवून लावणं सोपं आहे. मला ते प्रामाणिक वाटत नाही. कागदपत्रं नसलेल्या मजुरांमुळे मजुरी पडते ही तक्रार अमेरिकेत डाव्या बाजूनेही झालेली आहे. शेतमजुरांचे सर्वात मोठे नेते सेझर चावेझ यांच्या संघटनेने १९७४ मध्ये संप फोडायला आणलेल्या बेकायदा मजुरांची माहिती स्थलांतर खात्याला देण्याची मोहीम चालवली होती. टेक्सासच्या कृष्णवर्णीय नेत्या बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने नव्वदच्या दशकात कामाच्या ठिकाणी काटेकोर पडताळणी हवी अशी शिफारस केली. २००८ मध्ये नागरी हक्क आयोगाने कृष्णवर्णीय कामगारांच्या मजुरीवर आणि रोजगारावर याचा काय परिणाम होतो यावर मुद्दाम सुनावणी घेतली. शाळा अर्धवट सुटलेल्या, कधीकाळी तुरुंगात जाऊन आलेल्या एखाद्या माणसाला ठेकेदार दारातूनच परत पाठवतो आणि नाक्यावरून दोन माणसं उचलून नेतो, तेव्हा त्या माणसाला आकडेवारीने समजावणं शक्य नाही.

तरी आकडेवारी बघू, कारण दोन्ही बाजू तिचाच आधार घेतात. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० माणसं फ्लोरिडात आली आणि मायामीतली कामकरी लोकसंख्या काही महिन्यांत सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं की तिथल्या कमी कौशल्याच्या कामगारांच्या मजुरीवर त्याचा ठळक परिणाम दिसत नाही. २०१५ मध्ये जॉर्ज बोर्हास यांनी, जे स्वतः लहानपणी क्यूबातून आले, तेच आकडे पुन्हा काढले आणि शाळा पुरी न केलेल्या पुरुषांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी घसरली असं मांडलं. इतरांनी त्यावर आक्षेप घेतला: बोर्हास यांनी निवडलेला गट फार छोटा आहे, त्यात स्त्रिया नाहीत, आणि त्याच काळात पाहणीत कोणाला मोजायचं याचीच पद्धत बदलली होती. हा वाद अजून मिटलेला नाही. २०१६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सगळ्या अभ्यासांचा धांडोळा घेऊन सांगितलं की दीर्घ काळात एकूण मजुरीवर परिणाम फार थोडा आहे. जिथे तो होतो तिथे तो सगळ्यात आधी पूर्वी आलेल्या स्थलांतरितांवर होतो, आणि त्यानंतर शाळा पुरी न केलेल्या मूळच्या अमेरिकनांवर.

म्हणजे हर्नडनमध्ये स्पर्धेची पहिली झळ कोणाला बसत होती? २००१ चा परवाना खिशात असलेल्या त्याच साल्वाडोरी माणसाला, ज्याच्या शेजारी त्याचा बिनपरवान्याचा चुलतभाऊ उभा होता. महापौराच्या निवडणुकीत त्या दोघांचंही मत नव्हतं.

मजुरी नेमकी कशी पडते

जानेवारी २००६ मध्ये, हर्नडनचं केंद्र सुरू होऊन महिनाच झाला असताना, रोजंदारी मजुरांची पहिली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. अबेल व्हॅलेन्झुएला, निक थिओडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० राज्यं आणि राजधानीतल्या २६४ नाक्यांवर २,६६० मजुरांशी बोलून ती केली होती. त्यांच्या हिशोबाने कुठल्याही एका दिवशी १,१७,६०० माणसं असं काम शोधत किंवा करत होती आणि त्यातली तीन चतुर्थांश बिनकागदाची होती. तासाचा मध्यम दर होता १० डॉलर. त्या वेळी संघीय किमान वेतन ताशी ५.१५ डॉलर होतं आणि व्हर्जिनियातही तेच लागू होतं. म्हणजे नाक्यावरचा मजूर किमान दराहून स्वस्त नव्हता.

मग तो ठेकेदाराला परवडत का होता? दोन कारणं त्याच पाहणीत सापडतात. पहिलं, काम रोज मिळत नाही. चांगल्या महिन्यात हातात १,४०० डॉलर, वाईट महिन्यात ५००. दहा डॉलरचा दर फक्त काम असलेल्या तासांना, बाकीचे तास ठेकेदाराच्या खिशाला लागत नाहीत. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जवळपास निम्म्या मजुरांची आधीच्या दोन महिन्यांत एकदा तरी मजुरी पूर्ण बुडवली गेली होती. पाचातल्या एकाला कामावर इजा झाली होती.

मजुरी कशी बुडते ते नीट पाहू. समजा एका ठेकेदाराने दोन माणसांना तीन दिवसांच्या ड्रायवॉलच्या कामाला नेलं. तासाला १० डॉलर, दिवसाचे आठ तास, म्हणजे माणशी २४० डॉलर. पहिल्या संध्याकाळी तो रोख ८० देतो, त्यामुळे विश्वास बसतो. दुसऱ्या दिवशी म्हणतो, शुक्रवारी एकदम देतो. शुक्रवारी फोन लागत नाही. मजुराला ठाऊक असतं ते एवढंच: पांढरी व्हॅन, नाव कार्लोस. तोंडी ठरलेल्या कामाची चिठ्ठी नाही, घराचा पत्ता माहीत नाही कारण तिथे तो व्हॅनच्या मागच्या भागात बसून गेला होता. कायद्याने त्याला मजुरी मागायचा हक्क आहे. किमान वेतनाचा संघीय कायदा केलेल्या कामासाठी कागदपत्रांचा भेद करत नाही. पण दावा लावायचा कोणावर? आणि सरकारी कचेरीत जाऊन नाव-पत्ता लिहून द्यायचं धाडस करायचं कसं? त्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉफमन प्लास्टिक खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला होता की संघटनेच्या कामामुळे बेकायदा काढून टाकलेल्या बिनकागदाच्या कामगाराला बुडालेल्या दिवसांचा पगार मिळणार नाही. त्यातून ठेकेदारांनी घेतलेला धडा कायद्याच्या नेमक्या शब्दांहून बराच मोठा होता.

आता याच गल्लीत एक सरळ मार्गाने धंदा करणारा ठेकेदार आहे असं धरा. तो आपल्या माणसांना पगारपत्रकावर घेतो. मजुरीच्या ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्य विमा) यांचा त्याचा वाटा, बेरोजगारी कर, शिवाय इजा विमा, जो छपराच्या कामाला फार महाग पडतो. हे सगळं भरून तो जेव्हा कामाची निविदा देतो, तेव्हा रोखीने माणसं लावणाऱ्याचा आकडा खाली येतो आणि काम त्याला जातं. कागदपत्रं असलेला अमेरिकन सुतार बेकार होतो तो इथे. त्याचा तोटा शेजारच्या मजुराच्या दहा डॉलरमुळे जितका झाला, त्याहून जास्त झाला न भरलेल्या कराने आणि न काढलेल्या विम्याने. आणि ही बचत ठेकेदाराला मजूर अमेरिकन असला तरी तेवढीच होते. फरक इतकाच की अमेरिकन माणूस तक्रार करेल ही भीती असते.

केंद्राचं मोल मला इथे दिसतं. अशा केंद्रांत मजुरांना क्रमाने किंवा सोडतीने काम मिळतं, त्यामुळे खिडकीशी धावून “मी आठला येतो” म्हणायची गरज उरत नाही. मजूर नेणाऱ्याची नोंद राहते. दर आधी बोलला जातो. हर्नडनच्या केंद्रात थांबलेल्या वेळात इंग्रजीचे वर्ग चालत, स्वच्छतागृह होतं. मजुरीचा तळ घसरू नये असं ज्यांना वाटत होतं त्यांनी खरं तर या वहीसाठी भांडायला हवं होतं. ती वही कर खात्याला हवी असती तर तेही एक पाऊल झालं असतं. पण वाद सगळा मजुराच्या खिशातल्या कागदावर अडकला, ठेकेदाराच्या वहीकडे कोणी पाहिलं नाही.

देशपातळीवरही हेच चाललं होतं. १९८६ च्या कायद्याने बिनकागदाच्या माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणं बेकायदा ठरवलं. पण १९९९ मध्ये मालकांना दंडाच्या ४१७ नोटिसा काढल्या गेल्या होत्या, त्या २००४ मध्ये ३ वर आल्या. पूर्ण देशात तीन. कामगार महासंघ ‘एएफएल-सीआयओ’ने २००० मध्येच आपली जुनी भूमिका बदलली होती. मालकांना दंड करायची ती तरतूद प्रत्यक्षात संघटना बांधणाऱ्या मजुरांना धमकावायला वापरली जाते असं त्यांनी म्हटलं आणि ती रद्द करायची मागणी केली. ऑगस्ट २००६ मध्ये या महासंघाने रोजंदारी मजुरांच्या राष्ट्रीय जाळ्याशी करार केला. सेझर चावेझच्या मोहिमेनंतर तीस-बत्तीस वर्षांनी अमेरिकन कामगार चळवळ या निष्कर्षाला पोचली की नाक्यावरच्या माणसाला हाकलून मजुरी वाढत नाही.

आपल्या लोकांचा यातला भाग

हर्नडन, ॲशबर्न, स्टर्लिंग हा पट्टा मराठी माणसाला अपरिचित नाही. डलेसच्या त्याच कंपन्यांत आपले शेकडो अभियंते काम करतात, त्यांची घरं त्याच वसाहतींत आहेत. एच-वन-बी व्हिसावरचा माणूस स्वस्तात येतो आणि अमेरिकनाचा पगार पाडतो, हा आरोप आपण पुष्कळ ऐकतो आणि त्याला उत्तरही देतो: मालकाला आधी श्रम खात्याकडे अर्ज भरून, त्या जागेचा प्रचलित पगार देईन असं लिहून द्यावं लागतं. ते उत्तर बरोबर आहे. त्या लिखापढीमुळेच आपला बचाव उभा राहतो. नाक्यावरच्या मजुरासाठी अशी लिखापढी कोणी करत नाही, आणि त्याला नेणाऱ्यांत आपणही असतो. देशव्यापी पाहणीत मजूर नेणाऱ्यांपैकी ४९ टक्के ठेकेदार नव्हते, ते घरमालक आणि भाडेकरू होते. सामान हलवायला, अंगणात डेक बांधायला, पानं गोळा करायला माणसं नेणारी साधी कुटुंबं. आपली कुटुंबं त्यात आहेतच. घरी आलेल्या माणसाला आपण जेवू घालतो, पाणी देतो, सहसा पैसेही बुडवत नाही. पण आपल्याच छताचं काम ज्या ठेकेदाराला दिलं त्याच्या माणसांचा विमा आहे का, हे विचारणारा मला क्वचितच भेटला.

नंतर

केंद्र बंद झालं त्याच सुमाराला घरबांधणीचा बाजार कोसळायला लागला. २००८ च्या मंदीत नाक्यांवर माणसं जास्त आणि गाड्या कमी असं चित्र देशभर झालं. दुसरीकडे लॉस एंजेलिसने २००८ मध्येच उलटी वाट धरली: नवं मोठं गृहसामानाचं दुकान उघडायचं तर बाहेर जमणाऱ्या मजुरांसाठी सोय करा, असा नियम शहराने केला. जून २०२५ मध्ये त्याच शहरात ‘होम डेपो’ या अशाच गृहसामानाच्या दुकानाच्या दारात जमलेल्या मजुरांवर स्थलांतर खात्याने धाड टाकली आणि शहरभर निदर्शनं पेटली.

व्हर्जिनियात कायदा हलला तो केंद्र बंद झाल्यावर तेरा वर्षांनी. १ जुलै २०२० पासून मजुरी बुडालेल्या कामगाराला मालकाविरुद्ध स्वतः कोर्टात जाता येतं, आणि जाणूनबुजून बुडवली असेल तर तिप्पट भरपाई मागता येते. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने उपठेकेदाराने बुडवलेल्या मजुरीला मुख्य ठेकेदारही जबाबदार धरला गेला. या दुरुस्तीने व्हॅनवाल्या कार्लोसच्या वरच्या माणसापर्यंत हात पोचतो. पण तिला अटी आहेत. मुख्य ठेकेदाराला ही गोष्ट माहीत होती किंवा माहीत असायला हवी होती हे दाखवावं लागतं, काम ५,००,००० डॉलरच्या वरचं असावं लागतं, आणि एका कुटुंबाच्या स्वतंत्र घराचं बांधकाम तिच्यातून वगळलेलं आहे. हर्नडनच्या नाक्यावरून उचललेली माणसं ज्या घरांत ड्रायवॉल लावत, छप्पर घालत, डेक बांधत, ती बहुतेक सगळी या वगळलेल्या प्रकारात येतात.